पौषातला समुद्र : पर्यटन महामंडळाची पन्नास वर्षं, शहागंजातून पाहिलेली

पौष लागला की छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातल्या कापड दुकानांच्या गाद्या रिकाम्या दिसू लागतात. लग्नाला मुहूर्त नाही, त्यामुळे बस्ता बांधायला कुणी येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर ज्याला जेवायला फुरसत नव्हती तो दुकानदार आता ऊन जसं सरकेल तशी खुर्ची सरकवत बसतो. चमनभोवती लोकरी कपड्यांच्या हातगाड्या लागतात आणि घड्याळाच्या मनोऱ्याखालून माणसं सकाळी नऊपर्यंत कान बांधूनच जातात. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवरचं आमचं शहर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर घुटमळतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली उतरतो. आमच्या घरात वर्षाचा एकुलता एक प्रवास ठरायचा तो याच दिवसांत, कारण दुकान चार दिवस बंद ठेवलं तरी नुकसान होत नसे.

माझ्या लहानपणी याच दिवसांत शहागंजात परदेशी पाहुणे दिसायचे. वेरूळ-अजिंठा पाहून झालं की ते गावात हिमरू पाहायला आणि जुन्या दरवाजांचे फोटो काढायला येत. आम्ही स्वेटर, मफलर, पायमोज्यांत आणि ते अर्ध्या बाहीत. एकदा असंच एक जोडपं आमच्या दुकानाच्या पायरीवर टेकलं होतं. वडिलांनी त्यांना पाणी दिलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, इथून पुढे कुठे? बाईंनी एकच शब्द उच्चारला, ‘गोवा.’ मग हातांनी पोहण्याची खूण केली. जानेवारीत पाण्यात उतरायचं, ही कल्पना वडिलांना पटेना. रात्री जेवताना त्यांनी आईला ते सांगितलं. आई म्हणाली, ‘समुद्राचं पाणी कोमट असतं म्हणतात.’ तिने तोवर समुद्र पाहिला नव्हता.

त्या जोडप्याची वाट सरळ होती. त्यांच्या देशात त्या दिवसांत चार वाजता अंधार पडतो आणि आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, म्हणून ज्याला परवडतं तो उन्हाच्या मागे दक्षिणेकडे निघतो. गोव्याने ही गरज लवकर ओळखली. सिकेरीला आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून ताज समूहाचं फोर्ट आग्वाद हॉटेल 1974 मध्ये सुरू झालं. नोव्हेंबर 1983 मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी दिल्लीत जमलेले राष्ट्रप्रमुख विसाव्याला गोव्यात आले आणि त्या किनाऱ्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. 1985 मध्ये जर्मनीहून पर्यटकांनी भरलेलं पहिलं चार्टर विमान दाबोळीला उतरलं. हिवाळा, ऊन, वाळू आणि पंचतारांकित खोली असं एक गणित तिथे पक्कं झालं. ते गणित शहागंजातल्या कापड दुकानदाराचं नव्हतं. ज्या संस्थेने ते आमच्या आवाक्यात आणलं तिच्याबद्दल हे लिहितो आहे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, आमच्या तोंडी एमटीडीसी, 20 जानेवारी 1975 रोजी कंपनी कायद्याखाली नोंदलं गेलं. पंचांग काढून पाहिलं तर त्या दिवशीही पौषच होता. राज्यातली पर्यटक निवासं चालवायची, नवी बांधायची, आणि जिथे खासगी भांडवल यायला कचरतं तिथे आधी जाऊन उभं राहायचं, असं ते काम होतं. आमच्या शहरात महामंडळ लोकांना माहीत होतं ते स्टेशन रोडवरच्या हॉलिडे कॅम्पमुळे आणि वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या सहलीच्या गाड्यांमुळे. मराठवाड्याच्या दृष्टीने महामंडळ म्हणजे लेणी. पुढे जपानच्या कर्जसाहाय्याने 1992 पासून अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाचा मोठा प्रकल्प आला, तेव्हा हे समीकरण आणखी घट्ट झालं. बाहेरचे लोक आमच्याकडे यावेत म्हणून ही संस्था आहे, असंच आम्ही धरून चाललो होतो. आम्हालाही कुठेतरी जाता यावं हासुद्धा तिच्या कामाचा भाग आहे, हे कळायला मला वयाची तिशी उजाडावी लागली.

कोकणाचा प्रश्न वेगळा होता. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा आहे असं आम्ही भूगोलात पाठ करत होतो, पण त्या किनाऱ्यावर बाहेरच्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा किती? मुंबईचा चाकरमानी स्वतःच्या घरी जायचा. कुळाचाराला येणारा पुजाऱ्यांच्या ओसरीवर उतरायचा. ज्याचं तिथे घर नाही, कुलदैवत नाही आणि ओळखही नाही, असा आमच्यासारखा माणूस तिकडे जाऊन करणार काय? नदी-खाड्यांनी किनाऱ्याचा रस्ता जागोजाग तुटलेला, रेल्वे नाही आणि मोठ्या हॉटेलवाल्यांना तिथे धंदा दिसत नव्हता. अशा ठिकाणी महामंडळाने गणपतीपुळ्याला देवळाच्या शेजारी, वाळूला लागून निवास उभं केलं. किनाऱ्यावरच्या इतर गावांतही, हरिहरेश्वर, वेळणेश्वर, कुणकेश्वर आणि तारकर्ली, अशीच निवासं झाली. या नावांपैकी तीन देवाची आहेत, हा योगायोग नव्हे. देवाच्या निमित्ताने निघालेल्या घराला समुद्राची सुटी घेणं सोपं जातं. आमच्या आजीला ‘समुद्रावर चाललो’ असं सांगितलं असतं तर तिने खर्च काढला असता. ‘पुळ्याच्या गणपतीला चाललो’ म्हटल्यावर तिने स्वतःच्या बटव्यातून शंभराची नोट काढून दिली.

ते 1996 सालच्या जानेवारीचे पहिले दिवस. वडील स्टेशन रोडवर जाऊन आरक्षण करून आले. कार्बन ठेवून लिहिलेली पावती होती, तिच्यावर महामंडळाचा शिक्का. ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली. सहाशे किलोमीटरचा पल्ला, आणि कोकण रेल्वे अजून पूर्ण व्हायची होती. ती सबंध मार्गावर धावली 26 जानेवारी 1998 ला. रात्रीच्या एसटीने पुणे, दिवसभर तिथल्या नातेवाइकांकडे, पुन्हा रात्रीच्या गाडीने रत्नागिरी आणि तिथून गणपतीपुळे. आंबा घाट उतरताना पहाटेची वेळ होती. गाडीत सगळे शाली पांघरून झोपले होते. घाटाच्या वर खिडकीची काच हाताला गार लागत होती. खाली उतरलो तसा एकेकाने शाल बाजूला केली. साखरप्यापर्यंत आईने स्वेटरची बटणं काढली होती.

हे का होतं ते मला नंतर वाचनातून कळलं. आमचं पठार उंच, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर वर सोडून देते. समुद्र तसा नाही. तो हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो, म्हणून किनाऱ्यावर पौषातली रात्रसुद्धा अठरा-वीस अंशांच्या खाली सहसा जात नाही आणि दुपारी तीस-बत्तीस अंशांचं ऊन असतं. त्यातही पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसलेला असतो, वारा पडलेला असतो आणि लाटा शांत असतात. मे महिन्यातल्या कोकणाची सगळीकडे जाहिरात होते, कारण तेव्हा आंबा असतो आणि शाळांना सुटी असते. माझ्या मते समुद्र पाहायचा तर तो पौषातच. मेमधला घामट दमटपणा मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाला सरावलेल्या अंगाला सोसत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. शाकंभरी पौर्णिमेचा दिवस होता, म्हणजे भरती मोठी आणि तीही दुपारी बाराच्या सुमारास. खोली ताब्यात घेतली. साधी खोली होती. दोन लोखंडी पलंग, पांढऱ्या चादरी, स्वच्छ न्हाणीघर आणि समोर पडवी. पडवीच्या पायरीपासून वाळू सुरू. आईने पिशवी खाली ठेवली नाही, तशीच चालत गेली. ओल्या वाळूच्या कडेला थांबली, वाकली, ओंजळीत पाणी घेतलं. आधी डोळ्यांना लावलं, मग जिभेला. मग मागे वळून वडिलांना म्हणाली, ‘अहो, खरंच कोमट आहे.’ तिचं वय तेव्हा बावन्न होतं. संध्याकाळी ओहोटीला पाणी इतकं मागे गेलं की वाळूचं एक नवं मैदानच उघडं पडलं. त्यावर खेकड्यांनी बिळाभोवती बारीक गोळ्यांची रांगोळी काढली होती. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा आम्ही चांदण्यात केली.

त्या चार दिवसांत आईने स्वयंपाक केला नाही. कॅन्टीनमध्ये ताट यायचं, त्यात सोलकढी यायची आणि उकडीचा मोदक यायचा. सकाळी कुणीतरी दारात गरम पाण्याची बादली ठेवून जायचं. आमच्या राजाबाजारच्या घरात पहाटे बंब पेटवणारी बाई ती. ‘ऐषाराम’ या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. पुढे मोठ्या हॉटेलांतही राहायचा योग आला, पण त्या बादलीपाशी जेवढा मी थबकलो तेवढा दुसरीकडे कुठे नाही.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, देशातला पहिला. घोषणा अनेक होतात, पण या घोषणेच्या मागेपुढे महामंडळाने एक काम असं केलं की ज्याने किनारा खरोखर बदलला. ते म्हणजे निवास-न्याहारी योजना. घर तुमचं, पाहुणे तुमच्या घरात उतरणार, दोन-चार खोल्या नीट करा, न्हाणीघर-संडास स्वच्छ ठेवा, महामंडळ तपासणी करून नोंदणी देईल आणि आपल्या यादीत तुमचं नाव घालेल. मी 2003 मध्ये बायको-मुलांना घेऊन तारकर्लीला गेलो तेव्हा महामंडळाच्या कोकणी झोपड्या भरलेल्या होत्या. तिथल्याच कर्मचाऱ्याने आम्हाला शेजारच्या वाडीतलं एक घर दाखवलं. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, अंगण सारवलेलं. घरमालक मासेमारीला जायचे, वहिनी रांधायच्या. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर त्या क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या केल्या. मुलांना ती उसळ इतकी आवडली की निघताना त्यांनी काळे वाटाणे बांधून दिले. शहागंजात परतल्यावर भिजत घातले, शिजवले, पण ती चव आली नाही. बायको म्हणाली, पाणी वेगळं.

त्या घराच्या दोन खोल्यांतून पुढे त्यांच्या मुलीचं शिक्षण झालं, असं वहिनींनी नंतरच्या एका फेरीत सांगितलं. मला महामंडळाच्या सगळ्या वाटचालीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. सरकारी संस्थेने हॉटेलं बांधणं ठीक आहे. पण आपल्या फाटकावर आलेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या कोळ्याच्या घरी पाठवणारी संस्था विरळाच. आज तारकर्ली-देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, घराघरावर ‘राहण्याची-जेवणाची सोय’ अशा पाट्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ घरांना पहिला धीर या योजनेने दिला.

मग ऐषारामाचं दुसरं पर्व आलं. 2004 मध्ये रेल्वेच्या सहकार्याने महामंडळाने डेक्कन ओडिसी ही निळी आलिशान गाडी रुळांवर आणली. राजस्थानच्या पॅलेस ऑन व्हील्सने वाट दाखवलेली होतीच. ही गाडी ऑक्टोबर ते एप्रिल अशा हंगामात धावते. तिच्या महाराष्ट्र फेरीत वेरूळसाठी आमचं स्टेशन आहे, मग अजिंठा, कोल्हापूर, गोवा, रत्नागिरी. म्हणजे आमच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या त्या जोडप्याची वाट आता एकाच गाडीत बसवलेली. मी ती गाडी स्टेशनात उभी असलेली पाहिली आहे. फलाटावर सनई-चौघडा, कुंकवाचं ताट, फुलांच्या माळा आणि दारात गणवेशातला खानसामा. तिचं भाडं लाखांच्या घरात आहे. त्यात बसणारे बहुतेक परदेशी किंवा परदेशी स्थायिक झालेले आपले लोक. करोनात ती थांबली ती थेट सप्टेंबर 2023 मध्ये पुन्हा सुटली.

या गाडीवर टीका खूप झाली. सामान्यांच्या पैशावर श्रीमंतांची गाडी कशाला, असं लोक विचारत. मला ती टीका पूर्ण पटत नाही. लेणी पाहायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुंबई गाठून निघून जातो, हे आमच्या शहराचं जुनं दुखणं आहे. त्याच माणसाला राज्यात आठवडाभर फिरवून कोकणच्या समुद्रापर्यंत नेणं, वाटेत हिमरू-पैठणी विणणाऱ्यांकडे नेणं, यात अर्थ आहे. मात्र एक गोष्ट मला खटकते. त्या गाडीने शोधलेला मार्ग, लेण्यांपासून लाटांपर्यंतचा, आमच्यासारख्यांसाठी साध्या डब्यांत कधी उपलब्ध झाला नाही. मराठवाड्यातून कोकणात हिवाळ्यात आठवड्यातून एकदा जरी सोयीची गाडी सुटली, तरी शहागंजातली अर्धी दुकानं पौषात चार दिवस कुलपं लावतील. हे मी दुकानदार म्हणून खात्रीने सांगतो.

ऐषाराम विकत घेताना काय होतं त्याचा एक अनुभव आम्हालाही आहे. 2009 मध्ये मुलं मोठी झाली होती, त्यांना ‘चांगल्या’ ठिकाणी जायचं होतं. शहरातल्याच एका टूरवाल्याकडे पैसे भरले. समुद्राकडे तोंड असलेली वातानुकूलित खोली, पोहण्याचा तलाव, सकाळचा नाश्ता, असं सगळं रंगीत पत्रकावर छापलेलं. प्रत्यक्षात खिडकी उघडली तर समोर हाताच्या अंतरावर भिंत. समुद्र चालत वीस मिनिटांवर. टूरवाल्याने फोन उचलणं बंद केलं. धाकटा त्या भिंतीकडे बघून रडला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसने दुसऱ्या गावी गेलो आणि वाळूवरची एक साधी खोली मिळवली. तेव्हापासून कुणी सहलीचं विचारलं तर मी पहिल्यांदा एवढंच सांगतो की खोलीच्या दारातून वाळू किती पावलांवर आहे ते विचारा, बाकी सगळं नंतर.

ही पावलं आता मोजून मिळतात, कारण किनाऱ्यालगत वाटेल तसं बांधता येत नाही. फेब्रुवारी 1991 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला अटकाव केला. पुढे नियम बदलत गेले. पण वाळूला लागून असलेल्या जुन्या जागा त्यामुळे अधिक मौल्यवान झाल्या आणि त्यांतल्या काही महामंडळाच्या ताब्यात आहेत. मोठ्या भांडवलाची नजर अशाच जागांवर असते. शिरोड्याजवळ वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी जमीन घेण्याची हालचाल नव्वदच्या दशकातली. गावकऱ्यांनी बागायती आणि घरं वाचवण्यासाठी दीर्घकाळ विरोध केला. अखेर 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ताज समूहाला ती जमीन भाडेपट्ट्याने देण्यास मंजुरी दिली. हे तेच शिरोडं, जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि जिथल्या शाळेत वि. स. खांडेकरांनी आयुष्याची अनेक वर्षं शिकवण्यात घालवली. आलिशान हॉटेल होऊ नये असं मी म्हणत नाही. त्याने रोजगार येतो, गोव्याकडे वळणारा पाहुणा अलीकडे थांबतो. पण किनाऱ्याची पहिली रांग जर फक्त लाखाची खोली घेणाऱ्याचीच होणार असेल, तर कार्बनची पावती देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या माणसाने कुठे जायचं? महामंडळाने काही निवासं खासगी चालकांना चालवायला दिली आहेत. त्यांतली सेवा सुधारली असेल तर आनंदच आहे. दर वाढताना त्यातल्या निदान काही खोल्या जुन्या माणसाला परवडतील अशा राहिल्या पाहिजेत. सरकारच्या मालकीच्या संस्थेकडून एवढं मागण्याचा हक्क नागरिकाला आहे.

तारकर्लीची आणखी एक हकिकत सांगायला हवी. तिथे महामंडळाने 2015 मध्ये स्कूबा डायव्हिंगची आणि जलक्रीडांची प्रशिक्षण संस्था सुरू केली. खास खोल तलाव आहे, प्रशिक्षक आहेत आणि तिथून किनाऱ्यावरची पोरं शिकून बाहेर पडतात. माझ्या थोरल्याने 2017 च्या जानेवारीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी घेतली. बरोबरचा मार्गदर्शक मालवणचाच, पंचविशीचा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो आधी खुणा शिकवत होता. अंगठा वर केला की ‘छान’ असा अर्थ नाही, ‘मला वर न्या’ असा. सगळं ठीक असेल तर तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल करायचा. नाकाने नाही, तोंडानेच श्वास घ्यायचा, घाई करायची नाही. थोरला दोनदा घाबरून उभा राहिला. त्या पोराने दोन्ही वेळा त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच पहिल्यापासून सांगितलं. मग ते खाली गेले. वर आल्यावर थोरला बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, ‘बाबा, शिवाजी महाराजांनी किल्ला बांधला तेव्हा हे मासे इथेच असणार.’ 1664 मध्ये पायाभरणी झालेल्या किल्ल्याच्या भिंतीखाली पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरताना पाहून आलेला मुलगा होता तो.

मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून पर्यटकांना परत आणणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ती बातमी वाचली तेव्हा घरात कुणी जेवलं नाही. मेअखेरीस समुद्र फिरू लागतो, वारा बदलतो, हे तिथला प्रत्येक कोळी जाणतो. प्रशिक्षण संस्था असणं आणि तिने शिकवलेली शिस्त किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीत उतरणं, यांतलं अंतर महामंडळाला आणि बंदर खात्याला अजून कापायचं आहे. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आणि बोटीत ठरल्याइतकीच माणसं, यात कुणाचीही गय होऊ नये.

दरम्यान वाटा जवळ आल्या. 9 ऑक्टोबर 2021 ला सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला. जानेवारी 2023 पासून गोव्यातल्या मोप्याला विमानं उतरू लागली, आणि मोपं म्हणजे सावंतवाडीचं अंगणच. आमच्या दाराशी समृद्धी महामार्ग आला आणि जून 2025 मध्ये तो थेट ठाणे जिल्ह्यापर्यंत खुला झाला. आता शहागंजातली तरुण मंडळी पहाटे निघून दुपारच्या जेवणाला अलिबागच्या बाजूला असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत चढायचं आणि मांडव्याला उतरायचं. माझ्या शेजारच्या दुकानातला पोरगा तर थायलंडला जाऊन आला. तिथे खोली केवढी होती, हे तो दोन दिवस सांगत होता. मी त्याला विचारलं, पाणी कसं होतं? तो म्हणाला, ‘काका, कोमट.’

20 जानेवारी 2025 ला महामंडळाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पौष वद्य षष्ठी होती. आम्ही त्या दिवशी गणपतीपुळ्याला होतो, आणि ते मुद्दाम जमवलेलं होतं. या वेळी कार्बनची पावती नव्हती, आरक्षण आईच्या नातवाने मोबाइलवर केलं. वडील आता नाहीत. आई एक्याऐंशीची होती. शहागंजातून निघताना तिने दोन स्वेटर, कानटोपी आणि शाल असं सगळं घातलं होतं. आंबा घाटाखाली तिने ते एकेक करून काढलं आणि मांडीवर घडी घालून ठेवलं.

वाळूत तिला चालवेना. काठी रुतायची. दुपारी साडेचारच्या सुमारास आम्ही पडवीतच बसून होतो. निवासातल्या एका मुलाने ते पाहिलं. त्याने कुणाला न विचारता पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलली, ओल्या वाळूच्या कडेला नेऊन ठेवली, परत आला आणि आईसमोर पाठ करून खाली बसला. ‘आजी, बसा पाठीवर.’ आई लाजली. पण बसली.

भरती चढत होती. लाट खुर्चीखालून जायची आणि परतताना चारही पायांखालची वाळू ओढून न्यायची. खुर्ची दर लाटेबरोबर थोडी थोडी खचत होती. एका बाजूने मी धरली होती, दुसऱ्या बाजूने नातवाने. आईचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. तिने वाकायचा प्रयत्न केला, हात पोचेना. नातवाने ओंजळ भरून तिच्यासमोर धरली. तिने बोटं बुडवून डोळ्यांना लावली.

‘आजी, पाणी वर येतंय, खुर्ची मागे घेऊ?’ त्या मुलाने विचारलं.

‘थांब जरा,’ आई म्हणाली.